जिथून आला तिथं

पहिल्या दिवशी मी टप्प्याची वाट बघत उभी राहिले.
टप्पा पडलाच नाही.
बॉल मागे कॅचरच्या मिटमध्ये जाऊन बसलासुद्धा,
आणि मी अजून क्रिकेटमध्येच.

ढमढेरे मॅडम हसल्या नाहीत.
वीज मंडळाच्या ऑफिसातून सुटून थेट मैदानावर यायच्या,
स्कूटरवर पायाशी गोणपाटाची पिशवी,
पिशवीत चोवीस बॉल,
स्वारगेटला चपला शिवणाऱ्या बाबूकाकांकडून
पुन्हा शिवून आणलेले.
त्यांचा लाल दोरा संपला
म्हणून सात बॉल काळ्या दोऱ्याचे.

माझ्या वहीत तेव्हा चौदा नियम होते.
कोपर कुठं, गुडघा किती, टाच कधी वळवायची,
काही भावानं सांगितलेले, काही मोबाइलवर बघून.
मॅडमनी वही वाचली. अक्षर चांगलंय, म्हणाल्या.
मग विचारलं,
"बॉल तिच्या हातातून सुटून तुझ्यापर्यंत यायला
अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही, कोंढरे.
तेवढ्यात ह्यातलं कितवं पान उघडणार?"

टी म्हणजे जुन्या बाजारातून आणलेला
मोटारीच्या रेडिएटरचा रबरी पाइप,
खाली सिमेंट भरलेला रंगाचा डबा.
ठेवायचा, मारायचा, आणायचा, ठेवायचा.
आंबिल ओढ्याकडून डास यायचे,
पर्वतीवर दिवे लागायचे,
पिंडऱ्या खाजवत परत ठेवायचा.

महिन्याभरानं त्यांनी एकच गोष्ट सांगितली.
खरं तर दीड.

तुझ्या आवडीची एक जागा ठरव.
पट्ट्याच्या जरा वर, मधोमध, वाटीएवढी.
तिथं आला तर मार.
दुसरीकडं कितीही छान दिसला
तरी तुळशीबागेत पैसे नसताना बघतो तसं
बघ, आणि पुढं चाल.
ही एक.

उरलेली अर्धी: जिथून आला तिथंच परत पाठव.
"शेजारणीची वाटी आपण रिकामी देतो का परत?
थोडं काहीतरी घालून देतो ना?
तसं."

आणि दोन स्ट्राइक झाल्यावर?
"मग बॅट दोन बोटं वर धर,
वाटीची परात कर.
भुकेला कसली आलीय आवडनिवड."

मारणं जमायला लागलं. सोडणं जमेना.
आमच्या घरात कुणी काही सोडत नाही,
पप्पांनी फ्रीजचं खोकंसुद्धा माळ्यावर ठेवलंय.

चाळीसगावची ती डावखुरी.
शेवटची इनिंग, दोन आउट,
तिसऱ्या बेसवर आमची नाझनीन
बुटाच्या टोकानं माती उकरत.
पहिला बाहेर. सोडला.
दुसरा डोळ्यांसमोरून, लाडवासारखा.
मागून कुणीतरी ओरडलं, अगं मार की!
सोडला.
तिसरा खाली, गुडघ्याला चाटून. स्ट्राइक.
असू दे.

चौथा वाटीत आला.

हाताला काही लागल्याचं कळलंच नाही.
लोणी कापावं तशी बॅट निघून गेली,
आणि बॉल जिथून आला होता
अगदी तिथंच निघाला, सरळ,
ज्या बोटांनी टाकला त्याच बोटांवर.
तिनं ग्लोव्ह वर केला तो तोंड वाचवायला.
बॉल त्यात अडकला.

आउट.
मॅच संपली. नाझनीन अर्ध्या वाटेवर उभी.

मॅडमनी स्कोअरबुकात आउट लिहिला.
बाजूला पेन्सिलीनं काहीतरी बारीक केलं,
मी वाकून बघायच्या आत मिटलं,
आणि नेहमीसारखे बॉल मोजायला बसल्या.

तेवीस.
"एक ओढ्याकडं गेलाय. काळ्या दोऱ्याचा."

मी काठानं उतरले.
मागोमाग ती डावखुरी आली, न विचारता.
डाव्या हातात मोबाइलचा उजेड,
उजवा तळहात लालेलाल,
फुंकर घालत म्हणाली,
"जरा हळू मारायचास ना गं."